थंडीत कॅमेरा धरायचे हातमोजे: सोलापुरातली शोधाशोध

कॅमेऱ्याचं शटर दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. हे अर्धं कुठे संपतं ते तर्जनीच्या टोकाला कळावं लागतं. जाड हातमोज्यातून ते कळत नाही, आणि हातमोजा काढून ठेवला तर थोड्या वेळाने बोटच बधिर होतं. थंडीत उघड्यावर फोटो काढणाऱ्याची सगळी अडचण एवढ्यात आली.

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे, प्राण्यांचे फोटो काढतो. सोलापूर म्हटलं की लोकांना ४३-४४ अंशांचा उन्हाळा आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळरानाकडे मोटारसायकल काढून बघा. पारा १० अंशांपर्यंत उतरलेला असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या कातडीला ती हवा साडेपाच अंशांसारखी लागते. वारा अंगालगतची ऊब उडवून नेतो, म्हणून. नान्नज येईपर्यंत क्लचवरची बोटं काठीसारखी झालेली असतात आणि कॅमेरा तर तेव्हाच बाहेर काढायचा असतो. माँटेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या माळांवर येतो, रात्री गवतात जमिनीवर उतरतो आणि उजाडलं की थोड्या वेळात पांगतो. तो बोटं शेकेपर्यंत थांबत नाही.

तरी इथलं एवढं निभावून जात होतं. खरी निकड आली ती मित्रांनी हिमाचलमधल्या स्पितीचं ठरवलं तेव्हा. हिवाळ्यात, किब्बरला, हिमबिबट्यासाठी. किब्बर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथे रात्री उणे २० च्या खाली जातं, आणि दिवसासुद्धा समोरच्या कड्याकडे बघत तासन् तास एका जागी बसायचं असतं. ट्रेकमध्ये माणूस चालतो, अंग तापतं. इथे बसून राहायचं. प्रवास, राहणं, स्थानिक वाटाड्यांचे पैसे, भाड्याची लेन्स यातच खिसा रिकामा झाला होता. हातमोज्यांसाठी २,००० रुपयांच्या वर जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

फोटोग्राफरांसाठी खास हातमोजे मिळतात. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला झाकण असतं, ते मागे सरकवलं की बोट उघडं होतं. नॉर्वेच्या व्हॅलरेटचे आहेत, ऑस्ट्रियाच्या हीट कंपनीचे आहेत. वस्तू चांगली, पण मागवायचं तर माझं सगळं बजेट एका जोडीतच संपत होतं. मग त्या मोज्यांचे फोटो मोठे करून करून बघितले. महागड्या जोड्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आत एक पातळ मोजा, वर एक जाड आवरण, आणि जाड आवरण न काढता बोटं बाहेर येण्याची सोय. म्हणजे पैसे आहेत ते त्या सोयीचे. ऊब हवेची असते. लोकर काय, पॉलिएस्टरचा कापूस काय, दोन्ही हवा धरून ठेवण्याचंच काम करतात. ती सोय सोलापुरात करून घेता येईल का, असं मनात आलं. या शहरात गणवेश शिवणारे एवढे कारागीर आहेत, की हा विचार फार लांबचा वाटला नाही.

सुरुवात नवी पेठेतून केली. थंडीत स्वेटर-टोप्या विकायला बसतात त्यांच्याकडे लोकरीचे विणलेले मोजे १०० ते १५० रुपयांना होते. हातात ऊबदार वाटतात, पण तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे हवा जाते. फुंकर जाते तिथून वाराही जातोच. फुंकरीची ही परीक्षा मी पुढे प्रत्येक दुकानात केली. दुकानदारांना विचित्र वाटायचं, पण पाच सेकंदांत खरं ते कळतं. सुती मोजे तर हातातच घेतले नाहीत. सूत घाम शोषतं, ओलं राहतं, आणि ओलं कापड हात गार करतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते.

मोटारसायकलवाल्यांचे मोजे बघितले. वारा अडवतात, पण बोटांवर कडक पॅडिंग असतं. ते हँडलसाठी ठीक, डायल फिरवायला निरुपयोगी. ऑनलाइन मागवलेल्या एका जोडीवर मोबाइलसाठी खास बोट असल्याचं छापलं होतं. स्क्रीन बोटातली वीज ओळखते, त्यासाठी टोकाला वीज वाहणारा धागा विणावा लागतो. त्या जोडीवर नुसता वेगळ्या रंगाचा कापडाचा तुकडा शिवलेला निघाला. परत पाठवली.

यानंतर ज्या दुकानात गेलो ते मला आधी सुचलंच नव्हतं. आमच्या कारखान्यात एक फिटर आहे. बारीक स्क्रू, वॉशर उचलताना तो राखाडी तळव्याचे पातळ मोजे घालतो. नायलॉनच्या विणीवर तळव्याच्या बाजूने पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप दिलेला असतो. म्हटलं, हा माणूस मोजे न काढता दोन मिलिमीटरचा स्क्रू उचलतो, तर मला मेमरी कार्ड का उचलता येणार नाही? लगेच सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो.

"कशाला पाहिजे? गोडाऊनला का वेल्डिंगला?"

"कॅमेऱ्याला."

त्यांनी जास्त काही विचारलं नाही, चार प्रकार समोर टाकले. पांढऱ्या सुती मोज्यांवर रबरी ठिपके असलेला एक. ते ठिपके नेमके शटरवर येतात आणि दाब कळूच देत नाहीत. दुसरा लॅटेक्सचा जाड लेप असलेला, पकड उत्तम पण बोट वाकवायला जोर लागतो. तिसरा नायट्रिलचा, तो बरा होता. चौथा पीयूचा, ६० रुपयांना. खिशातून कॅमेऱ्याची बॅटरी काढली, काउंटरवर पालथी ठेवली आणि मोजा घालून उचलली. पहिल्या झटक्यात उचलली गेली. फुंकर तळव्याकडून अजिबात जात नव्हती, पाठीकडून जात होती. पाठीला लेप नसतो, ही त्याची उणीव.

मापाबद्दल इथे थांबून सांगतो, कारण बहुतेक जण मोजा घट्ट घेतात आणि मग हात गार पडतो म्हणतात. अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपने मोजायचा आणि मधल्या बोटाची लांबी घ्यायची. पातळ आतला मोजा अंगाबरोबर हवा. त्याच्या वर येणारा एक माप मोठा हवा. घट्ट मोज्यात हवेला जागा उरत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. थंडीत शरीर आधीच बोटांकडचं रक्त आवरतं घेतं, पोटातली, छातीतली ऊब वाचवायला; त्यात वरून आपणच मोजा आवळायचा कशाला? बोटाच्या टोकाला मात्र चिमूटभरही सैल कापड नको. तेवढंच कापड डायलमध्ये अडकतं.

आतला मोजा ट्रेकिंगवाल्यांचा घेतला, लोकरमिश्रित, पातळ, ५०० च्या आत. सगळ्यात जास्त विचार करून घेतलेली वस्तू हीच. कारण दिवसभर हातात राहणारा मोजा हाच असतो, बाकी सगळे वरचे येतात-जातात. याच्यावर पीयूचा मोजा चढवला की नान्नजची, उजनीच्या पाणथळीची पहाट निघते. सोलापूरच्या थंडीला एवढं भरपूर आहे. ज्यांना फक्त इथेच फिरायचं आहे त्यांनी यापुढे एक रुपयाही खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

किब्बरसाठी वरचं आवरण हवं होतं. त्यासाठी मिटन घेतली. म्हणजे अंगठा वेगळा आणि चारही बोटं एका पिशवीत. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि हवा लागायला पृष्ठभागही कमी उरतो, म्हणून तेवढ्याच जाडीच्या पाचबोटी मोज्यापेक्षा मिटन गरम असते. बर्फात खेळणाऱ्यांसाठीची एक साधी, वारा-पाणी अडवणारी जोडी सवलतीत ९०० रुपयांना मिळाली. तिच्यात कॅमेरा चालवणं मात्र अशक्य. ती घेऊन मी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या अक्कांकडे गेलो.

अक्का आधी विड्या वळायच्या, आता गणवेश शिवतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. मी मिटन पुढे केली आणि तळव्याकडून आडवी चीर पाडून द्या म्हणालो, चार बोटं बाहेर येतील अशी. त्यांनी मिटन उलटसुलट केली, शिवण चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, "काढ-घाल किती करणार? दिवसात दहादा का शंभरदा?"

"शंभरदा."

"मग कात्री आधी नाही लावायची. आत कापूस आहे, सगळा बाहेर येतो. आधी शिवण, मग कात्री."

त्यांनी खडूने रेघ मारली, रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनची दुहेरी टीप घातली आणि दोन टिपांच्या मधून कात्री चालवली. कापसाचा एक तंतू बाहेर आला नाही. मग छत्रीच्या कापडाचा तुकडा घेऊन चिरेवर एकावर एक येणारे दोन ओठ शिवले, म्हणजे बंद असताना वारा शिरणार नाही. मी वेल्क्रो नेला होता. तो उघडताना फर्रकन आवाज झाला तसं माझ्याच लक्षात आलं, की काळवीट असो की हिमबिबट्या, या आवाजाने तो मान वळवणार. अक्कांना सांगितलं. त्यांनी डब्यातून पर्सला लावतात ती चुंबकाची बटणं काढली. "हे लावू की. आवाज नाही, आणि बघायलाही लागत नाही, हात लागला की बसतं." मेमरी कार्डाला एवढ्या चुंबकाने काही होत नाही. फक्त मोबाइलमधलं होकायंत्र जवळ नेलं की भरकटतं, तेवढं सांभाळायचं.

शेवटी त्यांनी हाताच्या पाठीकडे आतून एक छोटा खिसा शिवून दिला, हवा लागली की आपोआप तापते त्या गरम पुडीसाठी, आणि दोन्ही मिटनांना मनगटापाशी नाडी. वाऱ्यात मिटन उडाली तर ती दरीतच जाणार. सगळ्याचे ३०० रुपये घेतले. मी जास्त देत होतो, त्यांनी घेतले नाहीत.

आता हे सगळं तपासायचं कुठे? सोलापुरात उणे तापमान कुठून आणणार? ओळखीच्या एकांचं कोल्ड स्टोरेज आहे, मिरची, चिंच, बेदाणा ठेवतात. आत चार-पाच अंश आणि वरून पंख्याचा सततचा झोत. त्यांनी परवानगी दिली आणि हमालांच्या मुकादमाला सोबत दिलं. खोक्यांच्या रांगेत ट्रायपॉड लावला. मिरचीच्या वासाने नाक चुरचुरत होतं. अर्धा तास नुसता बसून राहिलो, हात खऱ्या अर्थाने गार व्हावेत म्हणून. गरम हातांनी दुकानात घेतलेल्या परीक्षेला काही अर्थ नाही. बोटाच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं बिघडायला लागतात, त्यामुळे परीक्षा तिथूनच सुरू व्हायला हवी.

मग कामं करून बघितली. बॅटरी बदलली. कार्ड काढून दुसरं घातलं. ट्रायपॉडची प्लेट सोडवली. मागचं आणि पुढचं डायल न बघता तीन-तीन खटके फिरवलं. कार्ड काढायला त्रास झाला, नख चालत नाही म्हणून. पण कार्ड दाबून सोडलं की थोडं वर येतं, तेव्हा दोन बोटांच्या लेपात धरता आलं. अर्धं शटर मात्र दर वेळी जमेना. पातळ लोकरीवर पीयू, दोन थर झाले की शटरचा पहिला टप्पा हरवतो. उपाय पैशांचा नव्हता. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फोकसचं काम शटरवरून काढलं आणि मागच्या अंगठ्याच्या बटणावर दिलं. मग तर्जनीला अर्धं-पूर्ण ओळखायची गरजच राहत नाही, दाबलं की फोटो. थंडीत फोटो काढणाऱ्याने मोजे विकत घेण्याआधी हे करून बघावं. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून निघायच्या कितीतरी आधी मी नान्नजला, हिप्परग्याच्या तलावावर त्याच पद्धतीने फोटो काढत राहिलो.

ट्रायपॉडचंही तिथेच लक्षात आलं. ॲल्युमिनियमचा पाय हातमोज्यातून ऊब ओढून घेतो. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम घेतला, उभा चिरला आणि वरच्या पायांवर चढवून टेप गुंडाळली. ७० रुपयांत काम झालं.

कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून शिमला, किन्नोर करत काझा आणि वर किब्बर. हिवाळ्यात मनालीकडून कुंझुमची वाट बंद असते, त्यामुळे हा लांबचा रस्ताच असतो. किब्बरला पोचल्यावर पहिल्याच सकाळी कळलं की पीयूचा लेप उणे तापमानात ताठरतो. तुटत नाही, पण बोट वाकवताना जाणवतं. मग तिथे तो बाजूला ठेवला आणि आतला लोकरीचा मोजा, त्याच्या आत दवाखान्यात वापरतात तो पातळ नायट्रिलचा मोजा आणि वर मिटन, असं केलं. नायट्रिल वारा पूर्ण अडवतं. घाम मात्र आत साठतो, म्हणून तासा-दोन तासांनी उतरवून हात पुसावा लागतो. हे सगळ्यांना सोसेलच असं नाही, मला सोसलं.

गरम पुड्यांबद्दल अपेक्षा कमी ठेवावी. त्यात लोखंडाचा भुगा असतो, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतो आणि त्याची उष्णता मिळते. किब्बरच्या उंचीवर हवाच विरळ, त्यात पुडी मिटनमध्ये कोंबलेली. ती मंद पडायची. बाहेर काढून हलवली, थोडी हवा लागू दिली की पुन्हा तापायची. कातडीला थेट लावायची नाही. अक्कांनी खिसा पाठीकडे दिला होता ते यासाठीही चांगलं झालं. त्याहून जास्त उपयोग झाला तो मनगटाच्या पट्ट्यांचा. जुन्या लोकरी पायमोज्यांची वरची बाजू कापून मनगटावर चढवली होती. मनगटात रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात आणि बाही व मोजा यांच्या मधली फट नेमकी तिथेच येते. आणि हात अगदीच गारठले तर उभं राहून दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरवायचे, जोरात. रक्त बोटांच्या टोकांपर्यंत जातं. वाटाड्यांनी शिकवलेलं हे फुकटचं औषध सगळ्यात लवकर लागू पडलं.

हिमबिबट्या दिसला तो दरीपलीकडच्या उतारावर. वाटाड्याने दुर्बिणीत दाखवला तेव्हाही मला बराच वेळ नुसता खडकच दिसत होता. तो झोपला होता आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. या वेळात हात मिटनमध्ये होते, ओठ बंद, चुंबक बसलेलं. त्याने शेपटी हलवली, उठला, पुढचे पाय ताणले. मी चार बोटं चिरेतून बाहेर काढली आणि अंगठ्याने फोकस धरला. तो कड्यावरून चालत पलीकडे जाईपर्यंत बोटं बाहेर होती. बोटं आत घेतली तेव्हा गार पडली होती, पण हलत होती, आणि शटर माझ्या मनाप्रमाणे दाबलं गेलं होतं. प्राणी फ्रेममध्ये लहान आला आहे. चेहरा मात्र स्पष्ट आहे.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर मिटन, आतला मोजा, अक्कांची शिलाई, पीयूचे मोजे, फोम, नायट्रिलचे मोजे, गरम पुड्या आणि चुंबकं मिळून २,००० च्या थोडं आत बसलं. लोकरीचा मोजा घरी गार पाण्यात, साध्या शाम्पूने हाताने धुवायचा आणि सावलीत सपाट वाळत घालायचा. पिळला किंवा वाळवणीवर लटकवला तर बोटं लांबतात.

एक गोष्ट अजून जमायची आहे. मिटनचा अंगठा जाडच राहिला आहे आणि त्याची आतली शिवण बरोबर फोकसच्या बटणावर येते. दिवसाच्या शेवटी तिथे कातडी हुळहुळी व्हायची. अक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, अंगठ्याचं पुढचं पेर कापून त्या जागी पातळ कापडाचं टोपण लावू आणि शिवण पाठीकडे घेऊ. गणवेशांची गडबड संपली की त्या करून देणार आहेत. आमच्यातल्या आणखी दोघांनी आपापल्या मिटन त्यांच्याकडे नेऊन ठेवल्या आहेत.